मोटरीचा दांडा

मिनेसोटातल्या आमच्या तळ्याकाठी माशांच्या आमिषाचं दुकान आहे. दुपारी तिथल्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीच्या हातात जळवांचा डबा होता.

"बाबांनी होडीची मोटर तुझ्या नवऱ्याच्या हातात दिली."

"दिली तर दिली, ताई. गळ मागे सोडायचे आणि होडी हळूहळू हाकायची, एवढंच तर काम."

"एवढंच? लहानपणापासून मी येते त्यांच्यासोबत. मोटर वळवायच्या त्या दांड्याला कधी हात लावू दिला नाही मला. आणि तुझ्या नोलनला वॉलाय मासा कुठे असतो हेही ठाऊक नाही."

"म्हणून तर सकाळपासून गळ तळाशी अडकतायत."

"आणि बाबा हसतायत. माझ्या हातून अडकला असता तर दिवसभर ऐकवलं असतं. मी मोटर धरते म्हटलं, तर म्हणाले, तू जाळं सांभाळ."

"त्यांचा हात थरथरतो गं. दांडा धरवत नाही. नोलनला वाटलं, सासऱ्यांनी मान दिला. तुला दांडा दिला असता, तर तू लगेच ओळखलं असतंस."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. हिवाळ्यात."

"तुला सांगितलं," थोरली म्हणाली, आणि डबा बहिणीच्या हातात देऊन रांगेतून बाहेर पडली.