आधी कुणाचं विचारायचं

जव्हारच्या एस.टी. स्टँडवर मुंबईच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोघी जावा होत्या. थोरली जानी आणि सात महिन्यांची गरोदर सुकी.

"छातीतली गाठ पहिल्यांदा दाखवलीस, तवा डॉक्टर काय बोलला?" जानीनं विचारलं.

"दुधाची हाय, आपोआप जिरंल."

"दुसऱ्यांदा?"

"आधी बाळंत हो, मग बघू."

"नि आज?"

"कॅन्सर वाटतो, मुंबईला जा. वर मलाच बोलला, एवढा उशीर का केलास?"

"तू ऐकून घेतलंस?"

"नाय. बोलले, सूर्यमाळवरून, एवढ्या लांबच्या गावावरून दोनदा आले, ती काय बाजार बघायला?"

"बरं केलंस. मुंबईत पहिलं विचारू, पोराला काय धोका हाय का."

"जानीबाय, सगळी पोराचंच विचारतात. तू तरी आधी माझं विचार."

गाडी लागली तशी जानीनं दोन्ही हातांनी गर्दी अडवली.

"चढ. आधी तुझंच विचारीन."