मेहुण्यासाठी मडगार्ड

नाही, तुम्हीच सांगा, मडगार्ड माझ्या सायकलला आणि चिखलही माझ्याच तोंडावर, असं कुठं असतं का हो? परका असता तर दोन शब्द सुनावले असते, पण सख्खा मेहुणा हो, सख्खा मेहुणा!

झालं काय, आम्ही दोघं दरवर्षी सायकलवर लांब जातो, मी पुढे, तो मागे. यंदा सात दिवसांचा बेत, माझी रजासुद्धा मंजूर, आणि हा ऐनवेळी म्हणतो, "भाऊजी, तुमच्या मागच्या चाकाचं सगळं पाणी माझ्या तोंडावर. मडगार्ड लावा, नाहीतर मी येत नाही." आता एकट्यानं काय जायचं? पंक्चर झालं तरी चिडायला समोर माणूस लागतो की नाही! म्हटलं, लावू.

दुकानदार विचारतो, "टायर किती रुंद?" मी बोटांनी दाखवलं. "साहेब, मापात बोला!" परत घरी, पट्टी घेऊन परत दुकानात... मी आपलं आखूड, हलकं प्लॅस्टिकचं उचललं, तर हा कानाशी, "भाऊजी, ते पत्र्याचं घ्या, पार खालपर्यंत रबर लोंबणारं!" ते रबर कुणासाठी? त्याच्यासाठी! घेतलं. सख्खा मेहुणा हो!

आणि बसवणं? अहो, ज्या भोकात मडगार्ड धरून ठेवणाऱ्या लोखंडी काड्या अडकवायच्या तिथं आधीच कॅरिअरचा बोल्ट! लांब बोल्ट आणा, चाक काढा, चाक घाला, फिरवलं की खर्रर्र... डावीकडे वाकवावं तर उजवीकडे घासतंय, काड्या करवतीनं कापल्या, अंगठा सोलवटला, आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या मडगार्डला थडकतं ते वेगळंच! दोन रविवार गेले. बायको दारात उभी, "स्वयंपाकघरातला नळ सहा महिने गळतोय, त्याच्यावर नाही कधी एवढी माया!" अहो, तिच्याच भावासाठी मरत होतो ना मी...

पहिला दिवस, रस्ताभर डबकी. मी ऐटीत पुढे... पाच मिनिटं! हा शेजारी आला, "भाऊजी, तुमची सायकल जड झाली हो आता. मी होतो पुढे, तुम्ही या सावकाश." आणि गेला की! त्याच्या चाकाला मडगार्ड? नाव नको! पहिल्याच डबक्यात फर्रर्र... चष्मा, मिशी, दात, सगळं एका रंगाचं. मी ओरडलो, "अरे, तूही लाव की मडगार्ड!" तर वळून म्हणतो, "मला कशाला? मागे तर तुम्हीच आहात ना!"

विश्वासघात हो, दुसरं काय म्हणायचं याला? सख्खा मेहुणा! बरं, गाठायला जावं तर दम लागतो, दम लागला की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की चिखल आत...

सात दिवस तोंड मिटून सायकल चालवली. घरी पोचलो तरी सवयीनं मिटलेलंच. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "बघा, याच्या संगतीत किती शांत झालात! पुढच्या वर्षी पंधरा दिवस जा."