खातं बंद करायची कॉफी

नाही नाही, उठू नका बाई, बसा. त्याच खुर्चीत बसा. फक्त जरा डावीकडे सरका, मला बोटीचा धक्का दिसत नाही — हां, आता दिसतो. बोट आहे अजून. गाड्या चढतायत. तुम्हाला कसली घाई आलीय, तुम्ही तर काल उतरलात, तुमचे खोके अजून शाळेच्या पायऱ्यांवर पडलेत. मला कसं ठाऊक? इथे लांगस्कार बेटावर कुणाच्या घरी किती खोके उतरले हे जेवणाच्या आत सगळ्यांना कळतं. असो. तर तुमचा प्रश्न काय, कुठली बँक — इथली की पाण्यापलीकडची, मोठ्या गावातली. आता मीच इथल्या बँकेचा मॅनेजर, मी काय पलीकडची सांगणार? पण तुम्ही विचारलंत ते कसं विचारलंत बघा. म्हणालात, पलीकडचं खातं राहू दे, इथे एक छोटंसं काढते, शाळेचा पगार जमा व्हायला. छोटंसं. हा शब्द या टेबलावर मी फार ऐकलाय. छोटंसं खातं काढणारी माणसं दुसरा हिवाळा बघत नाहीत. रागावू नका, तुमच्याबद्दल नाही बोलत, शिक्षक लोक तसे टिकतात. निदान आधीच्या बाई टिकल्या, पार लग्न करून टिकल्या.

इथली बँक घेतलीत तर काय मिळेल? व्याज तेवढंच मिळेल, खोटं कशाला सांगू, उलट पलीकडे थोडं जास्तच मिळेल. पण इथे नफा झाला की प्रार्थनाघराचं छप्पर होतं, बँडला ट्रॉम्बोन येतो, तुमच्या शाळेतल्या त्या पाच लहान होड्या आमच्याच. बेटावर मूल जन्मलं की बँकेतर्फे गल्ला जातो, पत्र्याचा, वर पाणकावळा — तोच पाणकावळा कार्डावर. हिरवं कार्ड. पलीकडच्यांचं निळं. ओडनीच्या दुकानात गेलात की रांगेतले सगळे तुमच्या हाताकडे बघतील, चेहऱ्याकडे नाही. आज निळं निघालं तर चालेल, नवीन आहात. पण नाताळ झाल्यावरही निळंच निघालं ना, की ओडनी तुमच्याशी फक्त हवेबद्दल बोलायला लागेल. ती वाईट नाही हो. जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे तिला समजत नाही, एवढंच.

कॉफी घ्या. घ्या की — नाही, तो कप नको. माफ करा, ओरडलो का मी? तो ठेवलेला आहे. हा घ्या, कपाटातला, याचा कान जरा उडालाय. आणि ते वॅफलही राहू दे, म्हणजे एक घ्या, तपकिरी चीज लावलेलं एक घ्या, पण दोन राहू देत. कुणीतरी यायचंय. बोट सुटायच्या आत येते म्हणाली.

त्याचं असं आहे, आमच्या बँकेत खातं काढायला माणूस स्वतः येतो आणि बंद करायलाही स्वतःच येतो. फोनवर नाही, कम्प्युटरवर नाही. बँक काढली ती कॉड मासे पकडणाऱ्यांनी, त्यांनीच ठरवून ठेवलंय: जाणाऱ्याने त्या खुर्चीत बसायचं, मॅनेजरबरोबर कॉफी प्यायची, हात मिळवायचा, मग सही. आता हा नियम वगैरे राहिलेला नाही, वरचे लोक हसतात मला, पण बेटावर अजून कुणी मोडला नाही. मी तर किती जणांना पाजली. बेर्गेने होडी विकली तेव्हा तो इथे बसला, चार वॅफल खाल्ले आणि गेला. आणि बाई, मला आधीच ठाऊक असायचं. माणूस बेट सोडतो त्याच्या कितीतरी आधी त्याचा पैसा सोडायला लागतो — आज थोडा, पुढच्या महिन्यात थोडा. शेजाऱ्याला पत्ता नसायचा, कधीकधी बायकोलाही नसायचा, आणि मी इथे बसून बघत असायचो. पण तोंडातून अक्षर नाही. कामाला लागलो तेव्हा शपथ घेतलीय, बँकेत कळलं ते बँकेत. बायको म्हणायची, आर्नफिन, तू घरी येतोस की नुसता तुझा कोट घरी येतो? जेवताना मी कुणाचं नावच घ्यायचो नाही ना. चुकून काही निघायला नको.

बघा, अजून तीन गाड्या राहिल्यात. ती लाल कोटातली कोण आहे? नाही, ती नव्हे. ती पोस्टातली.

काय म्हणालात — कोण यायचंय? खातेदार आहे एक. नाव नाही सांगता येत, आत्ताच म्हणालो ना शपथ. सकाळी फोन आला होता. तिने पलीकडे खातं काढलं सप्टेंबरात, तेव्हापासून दर महिन्याला तिचा अर्धा पगार तिकडे जातो, मला इथे समोर दिसतो. दवाखान्यातला पगार. पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं चूक झाली असेल. दुसऱ्यांदा दिसला त्या दिवशी घरी उकडलेला कॉड होता, बटाटे होते, तिने मला कलेजी वाढली, मला आवडते म्हणून, आणि मी —

हो. घरी म्हणालो मी. आता म्हणालो तर म्हणालो. योरुन. माझी बायको.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मी काय करायला हवं होतं? बँकेत बघितलेलं ताटावर बसून विचारू? उद्या बेर्गेची बायको म्हणेल, माझ्या नवऱ्याचं मला सांगितलं नाहीस आणि स्वतःच्या बायकोचं मात्र काढून बसलास. मला जे बँकेत माहीत होतं ते मला घरी माहीत नव्हतं, असं धरून चालायचं असतं. मी तसं धरून चाललो. ऑक्टोबर, नोव्हेंबर. मग सूर्य उगवायचा बंद झाला, इतक्या उत्तरेला हिवाळ्यात तसंच होतं, तुम्ही बघालच ते, आणि आम्ही दोघं दिव्याखाली बसून जेवायचो, ती विचारायची, आज बँकेत काय विशेष? रोज विचारायची. पूर्वी कधी विचारायची नाही. मी म्हणायचो, काही नाही. ती म्हणायची, काहीच नाही? मी म्हणायचो, वारा होता, बोट उशिरा आली. आणि इकडे ओडनी माझ्याशी हवेबद्दल बोलायला लागलेली. माझ्याशी, बाई. मला वाटलं, तिचं काहीतरी बिनसलंय. योरुन दुकानात निळं कार्ड काढत होती ते सगळ्या बेटाने बघितलं आणि एकाने मला सांगितलं नाही. कसं सांगतील? मीच शिकवलं त्यांना. इतकी वर्षं मी कुणाचं काही बोललो नाही, तर माझंही कुणी बोललं नाही. फार राग आला मला. अजून येतो.

सकाळी फोन वाजला. मी योरुन होल्मेन बोलतेय, खातं बंद करायचंय, वेळ मिळेल का, असं नाव-आडनाव सांगून. चहाचा कप तिने माझ्यासमोर धुतला होता तासाभरापूर्वी. आणि मी काय म्हणालो माहितीय? हो, या म्हणालो. या. बायकोला.

म्हणून तुम्हाला उठू देत नाहीये. आता कळलं असेल. ती खुर्ची भरलेली असली तर — वेडेपणा आहे, मला कळतं. पण ती आली नाही आणि बोट गेली तर खातं राहतं. खातं राहिलं की माणूस परत येऊ शकतो. नुसती बहिणीकडे गेली असं म्हणता येईल. मला दार उघडायला नकोय बाई. आयुष्यात पहिल्यांदा मी इथे बसून देवाकडे मागतोय की गिऱ्हाईक येऊ नये.

काय? जरा मोठ्याने बोला.

तिला माहीत होतं का, म्हणजे? मला दिसेल हे? हो, माहीत असणारच. बँकेत माणसंच दोन आहोत आम्ही, एक मी आणि एक झाडायला येते ती. बेटावरच्या पोरालासुद्धा माहीत आहे की आर्नफिनला सगळं दिसतं. लपवायचं असतं तर पगारच पलीकडे घेतला असता, माझ्यासमोरून एक पैसा गेला नसता. तिने तो इथे येऊ दिला, आणि मग दर महिन्याला, माझ्या डोळ्यांसमोरून —

आज बँकेत काय विशेष.

थांबा. एक मिनिट बोलू नका.

रोज विचारत होती ती. अख्खा हिवाळा.

सरका बाई. सरका म्हणतो ना, दिसत नाहीये. गाड्या संपल्या. ती बघा, कठड्याजवळ, राखाडी टोपी, ती मीच आणलेली. बॅग खाली ठेवलीय. बोटीकडे पाठ आहे तिची. इकडे बघतेय. किती वेळ उभी आहे कोण जाणे, मी आपला गाड्या मोजतोय. आत येत नाहीये आणि चढतही नाहीये.

भोंगा झाला. हा पहिला, अजून एक होतो.

तुम्ही जा आता. खातं उद्या काढू, हिरवं काढा, निळं काढा, दोन्ही काढा, मला काही विचारू नका. बँक बंद. कामाच्या वेळात बंद, हो. कोट कुठे गेला माझा — राहू दे कोट. जा म्हटलं ना बाई तुम्ही — नाही, तुम्ही बसा. बसा, ती कॉफी प्या. मीच जातो.