पाचव्या पाठाचं वाक्य

बेबी : फळ्यावरचं अक्षर तुझं आहे, हेरंब. अख्ख्या गिरगावात 'ह'ला एवढी लांब शेपटी दुसरं कोणी काढत नाही. तेव्हा उगाच समितीच्या जयवंतवर ढकलू नकोस.

हेरंब : ढकलत नाहीये, बेबीताई. हळू बोल. अण्णा ऐकतील.

बेबी : अण्णा घरात असले तर ना. मी दादरहून आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. रविवारी सकाळी नऊला आपले वडील बाहेर, हेच मला पटत नाहीये. मंडईत गेलेत?

हेरंब : मंडई मी केली. मला सांगून नाही गेले. खुंटीवर कोट-टोपीही नाही, म्हणजे लांब कुठेतरी गेलेत.

बेबी : येतील. तू आधी फळ्याचं सांग. गल्लीच्या तोंडाशी संयुक्त महाराष्ट्राचा फळा, त्यावर रोज सभेची वेळ असते. आज काय, तर 'जे हवे ते मी तोंड उघडून मागतो.' पुढे वीस माणसं उभी, आणि एक जण मोठ्यानं वाचून दाखवतोय.

हेरंब : ते पाचव्या पाठाचं आहे.

बेबी : कसला पाठ?

हेरंब : मला पोस्टानं येतात ना, आत्मविश्वासाचे. महिन्याला एक. नुसता वाचून भागत नाही. जे शिकलो त्याचं आपलं स्वतःचं वाक्य करायचं, 'मी'चं, आणि रोज नजरेला पडेल तिथे लिहून ठेवायचं.

बेबी : म्हणजे दिवाळीला आरशावर चिकटवलेलं 'माझे व्यक्तिमत्त्व चुंबकासारखे आहे', ते तुझं? मला वाटलं कुठल्या टॉनिकची जाहिरात.

हेरंब : तो पहिला पाठ. वाक्य पुस्तकातलंच उचललं होतं. दुसरं 'मी उत्साहाचा झरा आहे.' सकाळी नळाच्या रांगेत, हातात रिकामी बादली घेऊन ते म्हणून बघ एकदा.

बेबी : अरे देवा. आणि पाचवं?

हेरंब : पाचवं माझं मी केलं. महिनाभर वहीत लिहीत होतो, पण वहीत ते खोटं वाटायचं. आज सकाळी रोजच्यासारखी सभेची वेळ लिहायला फळा पुसला, हातात खडू होता. म्हटलं, माझ्या मोठ्या अक्षरात कसं दिसतं बघू तरी. लिहिलं. आणि ताई, खरंच वाटलं गं. तेवढ्यात जयवंतनं सतरंज्या उचलायला हाक मारली. परत येतो तर ही गर्दी. जयवंत पाठ थोपटून म्हणाला, आजची घोषणा झकास आहे.

बेबी : झकासच आहे. शेजारच्या कमळाबाई ती वाचून तडक घरमालकाच्या मुनीमाकडे गेल्या. चार वर्षं बंद पडलेला जिन्यातला दिवा आत्ता मी वर आले तेव्हा लागलेला होता.

हेरंब : सगळ्यांना मिळतंय. मीच मागायचा राहिलोय.

बेबी : तुला काय हवंय?

हेरंब : ठाकुरद्वारचा रघु पेंटर कायमचा मालवणला चाललाय. पाट्या रंगवायची त्याची जागा, ब्रश, गिऱ्हाईकं, सगळं मला द्यायला तयार आहे. आज संध्याकाळपर्यंत सांग म्हणाला, नाहीतर उद्या तो दुसऱ्याला विचारणार. मला ते काम हवंय, ताई. ऑफिसातल्या फायलींत जीव रमत नाही माझा.

बेबी : मग सांग ना अण्णांना.

हेरंब : आजोबा कारकून, अण्णा कारकून, मी कारकून. त्यांना कसं सांगू, की तुमचा मुलगा शिडीवर चढून पाट्या रंगवणार?

(जिन्यावर वहाणा वाजतात. चौतीस वर्षं ऑफिसातून येताना त्या दमून वाजायच्या. आज त्या भराभर वर येतायत, हे हेरंबच्याही कानाला कळतं.)

अण्णा : बेबी, कधी आलीस? बरं झालं. चहा टाक. मला दोन कप.

बेबी : दोन? तुम्ही तर एकच घेता.

अण्णा : एकच मिळायचा. मी दुसरा कधी मागितला नाही.

हेरंब : अण्णा, होतात कुठे तुम्ही?

अण्णा : मुगभाटात. तबल्याच्या क्लासात नाव घालून आलो.

बेबी : कोणाचं नाव?

अण्णा : माझं. ऑफिसातून येताना त्या खिडकीखाली रोज दोन मिनिटं थांबायचो मी. वडिलांना विचारायचं राहिलं. तुमची आई देवापुढे गायची, तेव्हा ठेका धरू का, एवढं तिला विचारायचंही राहून गेलं. आज फळा वाचला. पुढे गेलो, मागे आलो, परत वाचला. म्हटलं, मुंबई मागायला लाखो माणसं आहेत. माझा तबला माझ्याशिवाय कोण मागणार?

बेबी : आणि गुरुजी काय म्हणाले?

अण्णा : वय विचारलं. एकसष्ट सांगितलं. म्हणाले, बोटं दाखवा. टाइपरायटरनं चांगली तयार केलीत म्हणाले. उद्या सकाळी सातपासून, शाळकरी पोरांच्या वर्गात. तू हसतेस का रडतेस, बेबी?

बेबी : चहा टाकतेय.

अण्णा : हेरंब, अक्षर तुझं हे मी ओळखलं. वाक्य कोणाचं? जयवंतच्या डोक्यातलं नाही ते.

बेबी : सांग ना रे.

हेरंब : माझंच आहे, अण्णा.

अण्णा : तुझं? मग तुला काय हवंय?

हेरंब : मला... रघु पेंटरची जागा हवी आहे. नोकरी सोडून. पाट्या रंगवायच्या आहेत मला.

अण्णा : पेन्शन नाही त्यात.

हेरंब : नाही.

अण्णा : उन्हातान्हात शिडीवर उभं राहायचं.

हेरंब : हो.

अण्णा : माझे वडील असते तर यावर काय म्हणाले असते, ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. म्हणून तर मी कधी विचारलं नाही.

हेरंब : आणि तुम्ही काय म्हणता?

अण्णा : मी म्हणतो, चहा पी आणि रघुला हो सांगून ये. फक्त राजीनामा परस्पर द्यायचा नाही. अक्षर तुझं, मसुदा माझा. त्यात मी कोणाला ऐकायचा नाही.

बेबी : घ्या, दोन कप. हेरंब, उभ्यानंच काय पितोस?

हेरंब : रघु वाट बघतोय. अण्णा, जाता जाता फळा पुसून टाकतो. सभेची वेळ लिहायची राहिलीय.

अण्णा : वेळ खाली बारीक अक्षरात लिही. वरचं राहू दे. उद्या सातला निघेन, तेव्हा मला ते परत एकदा वाचावं लागेल.