भोंगा चार सेकंद वाजल्याबाबत

प्रफुल देवाजी निकुरे, वय २९ वर्षे, धंदा संगणक दुरुस्ती व प्रोग्रामिंग, राहणार आरमोरी, जि. गडचिरोली.

समक्ष हजर राहून सांगतो की, कुरखेडा तालुक्यातील पळसटोला गावच्या वन समितीला हत्तींची खबर देणारे अॅप्लिकेशन मी बनवून दिले. पहारेकरी दसरू हलामी मोबाईलवर बटण दाबतो, समितीच्या कार्यालयातील संगणकाला खबर जाते आणि तिथल्या छतावरचा भोंगा वाजतो. दिवाळीपूर्वी दोनदा तो वाजला नाही. दोष कोणाचा ते कळेना, म्हणून सर्वांनी दसरूवर ढकलला. त्यामुळे मी अॅप्लिकेशनला लॉग जोडला. म्हणजे जे घडेल ते वेळेसह संगणकात आपोआप लिहिले जाते.

लॉगमधील वाक्ये मीच रचली. ती मीच वाचणार, या समजुतीने घरच्या बोलीत रचली. नंतर सभ्य करायची राहून गेली. ही चूक कबूल आहे.

दि. १४ नोव्हेंबर रोजी सायंकाळी हत्तींनी गावातील शकुबाईंच्या घराची भिंत पाडली. त्यांचा पाय मोडला. भोंगा कोणीही ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सभेत समितीचे अध्यक्ष आदेश नाकाडे म्हणाले, "दसरूनं खबरच देल्ली नाई. त्याले कामावरून काढा." दसरू म्हणाला, "मी त बटन दाबलो होतो, भाऊ." कोणी ऐकेना. मला फार राग आला. मी तिथेच लॉग मोठ्याने वाचला, तो असा:

सायं. ६.४२.०५ : दसरूची खबर आली. हत्ती निंगाले, आता तरी उठा बे. भोंगा सुरू.

सायं. ६.४२.०९ : भोंगा बंद केला. अध्यक्षाचा पासवर्ड. लय शहाणा हाये.

त्या वेळी कार्यालयासमोर अध्यक्षांच्या पुतणीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, वाजतगाजत चालू होते.

आपला अपमान झाल्याचा अर्ज अध्यक्षांनी पोलीस ठाण्यात दिला आहे. माझे म्हणणे असे की, ते वाक्य महिनाभर आधीच लिहून ठेवलेले होते. ते कोणा एकाला उद्देशून नाही. हत्ती आले असता जो कोणी अध्यक्ष भोंगा बंद करील, त्याला उद्देशून आहे. असा कोणी निघेल असे मला वाटले नव्हते.

काल अध्यक्षांचा फोन आला, "थ्या दोन ओळी काढून टाक ना बे, मी अर्ज मांगं घेतो." मी काढल्या नाहीत. काढल्या तर मी सुटतो आणि दसरूचे काम जाते. शहाणा हा शब्द मी मागे घ्यायला तयार आहे. वेळ मागे घेणार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारसाहेबांनी लॉगची दुसरी ओळ दोनदा वाचली. मजकूर सांगितला तसाच उतरला आहे.