उजवा हात वर करा

...आणि वर कोर्टवाले मलाच विचारतात, ‘कशावरून?’ अहो, कशावरून म्हणजे काय? हात वर होत नाही हो!

तुम्हाला सांगतो, मी रंगारी माणूस, उभा जन्म छतं रंगवण्यात गेला. लस घ्यायला गेलो... लसीबद्दल तक्रार नाही बरं का, लस उत्तम, साधी कणकणसुद्धा आली नाही! पण त्या नर्सबाई, फोनवर बहिणीशी बोलता बोलता, ‘अगं मग तू काय म्हणालीस?’ आणि दंडात द्यायची सुई दिली थेट खांद्याच्या सांध्यात! झालं. तेव्हापासून हात वर होत नाही. आता छत काय माझ्यासाठी खाली येणारे? भिंती रंगवतो, त्याही छातीपर्यंत, आणि लोक विचारतात, ‘वरचं कोण रंगवणार?’ लाज वाटते हो.

वकीलसाहेब म्हणाले, ‘भरपाईचा दावा ठोका.’ ठोकला! सुनावणीला बायको सोबत, कारण शर्ट तीच घालते मला. तिने कोपर धरून उचलला तर जातो हात, नाही असं नाही, पण जीव कासावीस होतो.

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘शपथ घ्या. उजवा हात वर करा.’

मी म्हटलं, ‘साहेब, हात वर होत नाही, म्हणून तर आलोय!’

‘ते साक्षीत सांगा.’

‘सांगतोच की!’

‘शपथेशिवाय साक्ष नाही.’

‘मग डावा करतो!’

‘उजवा!’

वकीलसाहेब? ते आपले नखं बघतायत! शेवटी बायको उठली. तिला अडलेलं काम बघवतच नाही, काय करणार... रोजच्यासारखा कोपर धरला, म्हणाली, ‘जरा कळ काढा,’ आणि उचलला की वर! डोळ्यांपुढे काजवे चमकले, असा बोंबललो, असा बोंबललो, पण बोंबलता बोंबलता शपथ घेतली. खरं तेच सांगेन म्हटलं. आणि सांगितलंही, हात वर होत नाही हो!

निकाल आला. ‘अर्जदाराने सर्वांसमक्ष उजवा हात वर करून शपथ घेतली. सबब दावा फेटाळण्यात येत आहे.’

‘अहो, पण तो हिने उचलला होता!’

‘त्याची नोंद नाही.’

वकीलसाहेबांचा उत्साह बघा, म्हणे, ‘अपील करू!’ मी विचारलं, ‘तिथे सुरुवात कशाने?’

‘शपथेने.’

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, ‘या वेळी मी बाहेरच बसते.’

बस बाई, बाहेर बस... शर्ट तेवढा घालून दे.