सर्व्हरची वामकुक्षी

नाही, आत्ता बिजागरी मिळणार नाही. एक वाजायला आलाय. दुकान एक ते चार बंद— बाहेर पाटी लावलीय, ती काय शोभेला? — बिजागरी नकोय? मग हार्डवेअरच्या दुकानात काय दर्शनाला आलात? — अच्छा, कॉम्प्युटर बघायचाय. बघा. हात मात्र लावू नका, आमच्या नम्रताचा आहे तो. मुलगी हो माझी. खराडीला नोकरीला असते. फ्रेमवर्क केलंय तिनं. — माहितीय तुम्हाला? राहू द्या, मी सांगतो, म्हणजे नीट कळेल. हे बघा, एक असतो क्लायंट, तो मागतो. एक असतो सर्व्हर, तो देतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार, नवीन काय त्यात? पण आधी कुणी बोलायचं, कसं बोलायचं, उत्तर नाही आलं तर कितीदा विचारायचं— हे दर वेळी नव्यानं कोण लिहीत बसणार? तो सगळा सांगाडा पोरीनं तयार करून ठेवलाय. आपण फक्त आपला माल त्यात मांडायचा. कंपनीत म्हणाले, आधी कुठंतरी महिनाभर चालवून दाखव. मी म्हटलं, बापाचं दुकान असताना कुठं जातेस? नवं ब्रॉडबँड घेतलं. रामदास मिस्त्रीच्या ऑफिसात क्लायंट, इथं माझ्या गल्ल्याशेजारी सर्व्हर. तो तिकडून स्क्रू मागतो, इथं ऑर्डर उमटते. सकाळी कसं झकास चालतं.

दुपारी मात्र बंद पडतं हो. रोज. पोरगी हैराण झालीय. धड जेवत नाही, सगळं फ्रेमवर्क उसवून बघितलं, चूक काही सापडत नाही. आणि आज तिचे कोण साहेब निकाल देणारेत— फ्रेमवर्क ठेवायचं की मोडीत काढायचं. काल रडली. बापाला बघवतं का ते? मला विचारत होती, बाबा, दुपारी दुकानात नक्की काय होतं? म्हटलं, दुपारी काय व्हायचंय, दुपारी मी झोपतो. — सर्व्हर? तोही झोपतो की. अहो, म्हणजे काय, शटर ओढायच्या आधी मेन स्विच बंद करतो ना मी. वडिलांपासूनची शिस्त आहे. — चालू ठेवायचा? दुकान बंद आणि गिऱ्हाइकाला आतून उत्तर? अशानं लोक सोकावतील. आणि चारला उघडलं की रामदासची तीच ऑर्डर धडाधड— तिचं फ्रेमवर्क पिच्छा सोडत नाही हो, उत्तर येईपर्यंत विचारत राहतं. आईवर गेलंय.

हसताय काय? — आणि लिहून काय घेताय? — कोण? तुम्ही नम्रताचे— अरे देवा. अहो, मग आल्या आल्या सांगायचं नाही का? बसा, ते स्टूल घ्या. हे बघा साहेब, पोरीची काही चूक नाही. माझी आहे. तसंच लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा. — फोन? तिला? नको, मी संध्याकाळी सांगतो, जरा तिचा मूड बघून— लावलात पण? आणा इकडं. — हॅलो. हो, बाबाच बोलतोय. सापडली बाळा, चूक सापडली. — कुठं म्हणजे? गल्ल्याच्या मागे. भिंतीवर. — हो, तोच स्विच. — हॅलो? हॅलो?

ठेवला तिनं. घ्या तुमचा फोन. वाजला एक. सर्व्हर जागा राहील, पंखाही त्यालाच लावून देतो, झालं समाधान? मी मात्र झोपणार. या आता. बिजागरी हवी असेल तर चारनंतर.